कार्ड काढून देतो, भाऊ!

भंडाऱ्यात जुना कॉम्प्युटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तीन प्रश्न हमखास विचारतं. रॅम किती, हार्डडिस्क किती आणि "ग्राफिक कार्ड हाये का?" तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं की मशीनचा भाव चढतो आणि घेणाऱ्याचा चेहराही खुलतो. पोरगं गेम खेळेल, जमलं तर लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करू, काहीच नाही तर पिक्चर तरी चकाचक दिसेल. पण याच गिऱ्हाइकाने "यात लिनक्स टाकून द्या" म्हटलं, तर शहरातला एक दुरुस्तीवाला स्वतःच्याच मालाचा भाव उतरवणारं उत्तर देतो : "मग कार्ड काढून देतो, भाऊ. लिनक्सवाल्याले बिनकार्डाचंच मशीन बरं चालते."

जादा पैसे मोजून घेतलेला भाग काढून टाकला की यंत्र सुधारतं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण त्याच्या दुकानात मांडणीवर दोन मशीन शेजारी शेजारी ठेवलेली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. दोन्ही डेलची ऑप्टिप्लेक्स, नागपूरहून लॉटमध्ये आलेली, कुठल्या तरी ऑफिसने मोडीत काढलेली. दोन्हींत थर्ड जनरेशन आय-थ्री, म्हणजे साधारण २०१२ चा प्रोसेसर. एकात वेगळं कार्ड नाही. चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या पोटातल्या इंटेलच्या ग्राफिक्सकडे. दुसऱ्यात एनव्हिडियाचं जीफोर्स २१०, इवल्याशा पंख्याचं, एके काळी बाजारात भाजीसारखं विकलं गेलेलं. दोन्हींवर लिनक्स मिंटची एकच आवृत्ती. पहिल्या मशीनवर खिडकी ओढली की ती माऊसच्या मागे अलगद सरकत होती, लहान केली की घडी पडल्यासारखी पट्टीत जात होती. दुसऱ्यावर तीच खिडकी अडखळत येत होती, आणि व्हिडिओ लावून मेन्यू उघडला तेव्हा पडदा क्षणभर गोठला.

"पाहा," तो म्हणाला, "ज्याच्यात कार्ड हाये त्याचे हे हाल."

हा सगळा खटाटोप आत्ताच वाढण्याचं कारण सोपं आहे. विंडोज १० चा मोफत पाठिंबा थांबवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख जाहीर केली. वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण तीही संपणारच. विंडोज ११ ला इंटेलचा एट्थ जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. नागपूरच्या लॉटमधून भंडारा, तुमसर, साकोली, पवनीला येणाऱ्या मशीनपैकी बहुतेक या रेषेच्या अलीकडची. धानावर चालणाऱ्या या जिल्ह्यात 'नवं घ्या' हा सल्ला देणं सोपं, पैसे काढणं अवघड. मग कुणी क्रॅक विंडोज तसंच रेटतो, आणि कुणी, बहुधा एखादा पॉलिटेक्निकचा पोरगा मागे लागल्यामुळे, लिनक्सकडे वळतो.

वळलेल्याला पहिला धक्का बसतो तो पडद्यावर. प्रिंटर, वाय-फाय, मराठी टायपिंग हे सगळं पुढचं. मशीन सुरू होतं, पण चित्र मोठं-मोठं, ढोबळ दिसतं, खिडकी ओढताना तिच्या मागे तिचेच ठसे उमटत जातात, पंखा घोंगावतो. किंवा नुसताच काळा पडदा येतो आणि डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहते. 'लिनक्स भंगार आहे' हे मत जिल्ह्यात अनेकांचं याच टप्प्यावर पक्कं होतं. मला विचाराल तर त्यात लिनक्सचा दोष थोडा आणि कार्ड बनवणाऱ्याचा जास्त. पण ते समजायला थोडं मागे जावं लागेल, डुलणाऱ्या खिडक्यांच्या काळात.

२००६ च्या सुरुवातीला नोव्हेल कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड रेव्हमनने कॉम्पिझ नावाचा प्रोग्रॅम बाहेर काढला. त्यात डेस्कटॉप एका घनाच्या चार बाजूंवर बसवलेला असे. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून माऊस फिरवला की सगळा घन पडद्यावर गरगर फिरायचा; एका बाजूवर गाणी, दुसरीवर पत्र, तिसरीवर प्रोग्रॅम. खिडकी पकडून हलवली की ती जेलीसारखी डुलायची. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यातून बेरिल नावाची फांदी फुटली, २००७ मध्ये दोन्ही पुन्हा एक होऊन कॉम्पिझ फ्यूजन झालं, आणि ऑक्टोबर २००७ च्या उबुंटू ७.१० या लिनक्सच्या आवृत्तीत हे परिणाम, कार्डाला पेलत असतील तर, आपोआप चालू होऊ लागले. खिडकी बंद केली की ती जळून राख होते, पडद्यावर पावसाचे थेंब पडून तरंग उठतात, असल्या करामतीही होत्या. उपयोग शून्य. पण हॉस्टेलमधल्या एखाद्या खोलीत घन फिरू लागला की अख्खा मजला गोळा व्हायचा, हेही तितकंच खरं. त्या पिढीतल्या कित्येकांनी लिनक्स घेतलं ते स्वातंत्र्यासाठी नाही आणि व्हायरसच्या भीतीनेही नाही, घनासाठी घेतलं.

इंटरनेटची बोंब होती. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं, तेही तालुक्याच्या गावी असलं तर. उबुंटूमागची कॅनोनिकल कंपनी मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवत असे. 'शिपइट' ही योजना २०११ पर्यंत चालली, आणि परदेशी तिकिटाचं ते पाकीट पोस्टमन लहान गावांतही आणून द्यायचा. सीडीवरून लिनक्स बसायचं, पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्यावर नसायचा. तो नेटवरून उतरवायचा, आणि नेट जोडायला कधी कधी आधी वाय-फायचाच ड्रायव्हर हवा असायचा. शेवटी नागपुरातल्या सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर फाइल आणायची, गावी येऊन कळायचं की ती भलत्याच कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या भलत्याच आवृत्तीची निघाली. हा प्रवास केलेली माणसं आज चाळिशीत आहेत आणि अजून त्याच्या गोष्टी चवीने सांगतात.

त्याच काळातली एक गोष्ट मला कायम महत्त्वाची वाटत आली आहे. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वत्र विक्रीला आलं. त्याच्या चकचकीत 'एअरो' देखाव्यासाठी नव्या धाटणीचा ड्रायव्हर लागत होता, आणि इंटेलचा ९१५ चिपसेट त्यात बसत नव्हता. तरीही ९१५ वाल्या मशीनवर 'व्हिस्टा केपेबल'ची चिकटपट्टी लागली. अमेरिकेत त्यावरून मायक्रोसॉफ्टवर खटला झाला, कंपनीतले आतले ईमेल २००८ मध्ये उघड झाले. ज्या ९१५ वर एअरो दिसत नव्हता, त्याच चिपवर लिनक्समध्ये कॉम्पिझचा घन फिरत होता. चिप तीच. फरक पडला तो तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅम कुणी, किती मन लावून लिहिला यामुळे.

तो प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आणि तो नसला की नेमकं काय होतं, हे कळायला खिडकी डुलते कशी ते पाहावं लागतं. लिनक्सचा पडदा अनेक वर्षं एक्स नावाच्या यंत्रणेवर चालला; तिचा जन्म १९८४ चा, एमआयटीतला, आणि एक्स ११ ही आवृत्ती १९८७ ची. तिची जुनी रीत अशी की सगळे प्रोग्रॅम थेट एकाच पडद्यावर चित्र काढणार, एकाच पाटीवर चार पोरांनी लिहावं तसं. वरची खिडकी सरकली की खालच्या प्रोग्रॅमला निरोप जायचा, 'तुझा हा तुकडा उघडा पडला, पुन्हा काढ'. तो निरोप पोचून काम होईपर्यंत खिडकीचे ठसे मागे दिसत राहायचे. २००४ मध्ये एक्सला 'कॉम्पोझिट' नावाची जोड मिळाली. आता प्रत्येक खिडकी आपलं चित्र मेमरीत वेगळ्या जागी काढते आणि कॉम्पोझिटर नावाचा एक प्रोग्रॅम ती सगळी चित्रं एकावर एक रचून पडद्यावर पाठवतो. एकदा खिडकी म्हणजे सुटं चित्र झालं की तिला वाकवता येतं, पारदर्शक करता येतं, घनाच्या बाजूवर डकवता येतं. डुलणाऱ्या खिडकीत कॉम्पिझ चार बाय चार अशी सोळा बिंदूंची जाळी धरतं, बिंदू एकमेकांना काल्पनिक स्प्रिंगांनी जोडतं, आणि तुम्ही एक कोपरा ओढला की बाकीचे पंधरा मागून फरफटत येतात.

हे सगळं सेकंदाला साठ वेळा करायचं. ग्राफिक्स चिपला ते डाव्या हाताचा खेळ. पण चिपशी बोलणारा ड्रायव्हर नसेल तर लिनक्स हार मानत नाही; मेसा नावाच्या ग्राफिक्स लायब्ररीतला एलएलव्हीएमपाइप हा भाग चिपचं काम प्रोसेसरकडून करून घेतो. मेसा ब्रायन पॉल याने १९९३ मध्ये सुरू केली, आणि तेव्हा ती सगळंच प्रोसेसरकडून करून घेत असे. आजही ती शेवटचा आधार आहे. म्हणून जीएलएक्सइन्फो ही आज्ञा देऊन 'रेंडरर'च्या ओळीत एलएलव्हीएमपाइप दिसलं की समजायचं, पडदा चालतोय, पण ग्राफिक्स चिप झोपली आहे. पंखा घोंगावतो तो म्हणून.

दुरुस्तीवाल्याच्या लेखी डुलणारी खिडकी ही हौस नाही, चाचणी आहे. मशीन गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी तो परिणाम चालू करतो, एक खिडकी जोरात गोल गोल फिरवतो, मागे व्हिडिओ लावतो. सगळं सुरळीत असेल तर परिणाम बंद करून देतो. बंद का? "लोकायले वाटते व्हायरस आला."

साकोलीच्या एका अभ्यासिकेत या चाचणीची गरज पडली होती. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात. कोपऱ्यातल्या चार मशीनवर ऑनलाइन टेस्ट सोडवतात, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवतात. पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला कंटाळून चालवणाऱ्या दादांनी चारही मशीनवर लिनक्स टाकून घेतलेलं. तीन बरी चालली. चौथ्यात एका फोटो स्टुडिओने दिलेलं एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड बसवलेलं होतं आणि त्याचं दुखणं विचित्र होतं : दोन महिने झकास चाललं, मग एका सकाळी सुरू केलं तर सगळं जाडंभरडं. पडद्याचं रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं, अक्षरं फुगलेली, स्क्रोल केलं की पान लाटेसारखं उतरत होतं. "कोनी हात लावला नाही, सर. रात्री बंद केलं तवा चांगलं होतं," असं दादा पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरंच होतं.

कुणी हात लावला नव्हता. अपडेटने लावला होता. रात्री बंद करताना मशीनने नवं कर्नल उतरवून घेतलं होतं. लिनक्समध्ये मोकळे, म्हणजे सोर्स कोड उघडा असलेले, ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, कर्नल बदललं की तेही सोबत बदलतात. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर मात्र बाहेरचा पाहुणा. प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचा सांधा नव्याने जुळवावा लागतो, आणि डीकेएमएस नावाची सोय ते काम पडद्याआड करते. जीटी ७१० ज्या केप्लर पिढीतलं आहे तिच्यासाठी एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर मालिका ४७०. तिचा पाठिंबा २०२४ मध्ये संपला. नव्या कर्नलवर सांधा जुळला नाही. आता मोकळा ड्रायव्हर, नूव्हो, तरी हजर व्हायला हवा होता. पण बंद ड्रायव्हर बसवताना त्याने नूव्होला काळ्या यादीत टाकलेलं असतं, दोघं एका चिपवर भांडू नयेत म्हणून. एक आला नाही, दुसऱ्याला येऊ दिलं नाही. एलएलव्हीएमपाइपवर गाडा सुरू.

उपाय दहा मिनिटांचा होता. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू आणायचा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आदलं कर्नल निवडायचं. पडदा पूर्ववत झाला, दादांच्या जिवात जीव आला. पण जुन्या कर्नलवर कायम राहणं म्हणजे सुरक्षेची भोकं उघडी ठेवणं. म्हणून मग एनव्हिडियाचं पॅकेज काढून टाकलं, नूव्होची काळ्या यादीतून सुटका केली, नव्या कर्नलवर परत आलो. टेस्ट सोडवायला आणि पीडीएफ वाचायला नूव्हो पुरेसा आहे. हे करताना एक जुनी खूणही सापडली : ग्रबच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द कायमचा लिहून ठेवलेला होता. काळा पडदा आला की सगळे सल्लागार हाच शब्द सांगतात, आणि तात्पुरता म्हणून तो ठीकही आहे; तो कर्नलला सांगतो की ग्राफिक्सच्या भानगडीत पडू नको. ड्रायव्हर बसल्यावर तो पुसायचा असतो, हे मात्र कुणी सांगत नाही. तो तसाच राहिला तर नूव्होच काय, इंटेलचा ड्रायव्हरही चिपला हात लावत नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी मंद लिनक्स मशीनचं दुखणं या एका शब्दात असेल, असा माझा कयास आहे.

लॅपटॉपवाल्यांची तऱ्हा निराळी. तिथे कार्ड काढता येत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांकडे असतात त्या गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन चिप असतात, एक इंटेल किंवा एएमडीची, दुसरी एनव्हिडियाची, आणि सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारं सिक्युअर बूट चालू असतं. ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठेवायला सांगतं; मशीन पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' असा पर्याय येतो, आणि तो दहा सेकंदांत निवडला नाही तर निघून जातो. निळा पडदा पाहून पोरं घाबरतात, 'कंटिन्यू बूट' दाबतात, सही नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतं. मग 'लिनक्समध्ये एनव्हिडिया चालत नाही' अशी आवई उठते.

पण एनव्हिडियाबद्दलची सगळी तक्रार आवई नाही. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्तो विद्यापीठात एका कार्यक्रमात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याला एनव्हिडियाबद्दल विचारलं गेलं. आमची गाठ पडलेल्या कंपन्यांत ही सगळ्यांत वाईट, असं सांगून त्याने कॅमेऱ्याकडे वळून मधलं बोट दाखवलं, ती चित्रफीत जगभर फिरली. राग नुसत्या बंद ड्रायव्हरचा नव्हता. चिपशी कसं बोलायचं, याची कागदपत्रंही कंपनी देत नव्हती. नूव्हो लिहिणाऱ्यांनी २००५-०६ पासून बंद ड्रायव्हर चिपला काय काय सांगतो हे चोरून ऐकत, एक एक खूण जुळवत काम केलं. पुढच्या पिढ्यांमध्ये कंपनीने चिपमध्ये सही केलेलं फर्मवेअर सक्तीचं केलं आणि कार्डाचा वेग वाढवायची चावीच नूव्होच्या हातून गेली. कार्ड सुरू होई, पण रांगत. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधला भाग मोकळा केला खरा, पण ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठीच. भंडाऱ्याच्या बाजारात फिरणारी २१०, ७१०, ७३० ही कार्डं त्या दाराबाहेरच राहिली. २१० ची कथा तर आधीच संपली होती : तिच्यासाठीची ३४० मालिका डिसेंबर २०१९ मध्ये थांबली.

एएमडीची वाट वेगळी गेली. २००६ मध्ये तिने एटीआय विकत घेतली, आणि सप्टेंबर २००७ मध्ये चिपची कागदपत्रं देऊन मोकळ्या ड्रायव्हरला हातभार लावायचं जाहीर केलं. त्याआधीचा तिचा बंद ड्रायव्हर, एफजीएलआरएक्स, ज्यांनी बसवला आहे त्यांना त्याचं नाव काढलं तरी घाम फुटतो. आज रेडिऑन एचडी ५४५० सारखं २०१० चं कार्ड खोक्यातून काढून लावलं तर काहीही न बसवता चालतं.

आणि इंटेल. तिचे ड्रायव्हर बरीच वर्षं मोकळे आहेत, अपवाद वगळता. अपवाद मोठा होता : अ‍ॅटमच्या काही नेटबुकांत बसवलेली जीएमए ५०० ही चिप मुळात पॉवरव्हीआरची, बाहेरून घेतलेली, आणि लिनक्सवर तिने लोकांना रडवलं. पण बाकी हिशेब असा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेसा २१.२ सोबत क्रोकस नावाचा नवा ड्रायव्हर आला. तो २००६ पासून २०१३ पर्यंतच्या इंटेल चिपसाठी आहे. लिहिला डेव्ह एअर्ली याने, जो इंटेलचा नोकर नाही. रेड हॅटमध्ये काम करतो आणि लिनक्स कर्नलचा ग्राफिक्स विभाग सांभाळतो. जुना ड्रायव्हर मेसामधून काढून टाकायची वेळ आली होती, तसं झालं तर या चिप पोरक्या होतील, म्हणून त्याने नव्याने लिहिला. दुकानातल्या त्या बिनकार्डाच्या ऑप्टिप्लेक्समध्ये खिडकी अलगद सरकत होती ती या क्रोकसमुळे. चिप २०१२ ची, ड्रायव्हर २०२१ चा. बनवणाऱ्या कंपनीला ज्यात एक छदाम मिळणार नाही, असं काम नऊ वर्षांनी कुणीतरी केलं, कारण कागदपत्रं आणि जुना सोर्स कोड उघड्यावर होता. दुरुस्तीवाल्याला क्रोकसचं नाव माहीत नाही. पण त्याने अनुभवावरून काढलेला नियम, इंटेल ठेवा आणि कार्ड काढा, त्याची मुळं इथे आहेत. मशीन किती जुनं यापेक्षा ते किती उघडं, यावर भंडाऱ्यात त्याचं आयुष्य ठरतं.

पडद्यावर काय दिसणार हे कार्डावर अवलंबून असण्याचा अनुभव मराठीला नवा नाही, हे जाता जाता सांगायला हवं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी केलेलं काम १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, आणि त्यातून जिस्ट कार्ड निघालं. डॉसच्या पीसीत हे कार्ड खोचलं की डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. कार्ड काढलं की मराठी गायब. पुढे युनिकोड आला, अक्षरं रचायचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं, पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी लोहित हे मोकळे फॉन्ट सांभाळले, आणि आज कुठल्याही लिनक्सवर 'भंडाऱ्यात' लिहिताना त्यातला ऱ्या न मोडता येतो. एक कार्ड कमी झालं तेव्हा मराठी जास्त ठिकाणी पोचली.

अर्थात पडदा सुधारला म्हणून सगळं सुधारत नाही, आणि इथे लिनक्सवाल्यांचं उत्साही बोलणं थोडं कापून घ्यावं लागतं. आपले सरकार केंद्र चालवणाऱ्याला बोटांचे ठसे घेणारं यंत्र लागतं, आणि त्याचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोज किंवा अँड्रॉइडचं. लग्नपत्रिका छापणाऱ्याचं आयुष्य कोरलड्रॉ आणि श्रीलिपीत गेलेलं. त्याच्या फाइली दुसरीकडे उघडत नाहीत. एमएस-सीआयटी शिकलेल्या पिढीचा हातही विंडोजवरच बसलेला. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर बेतलेलं बॉस लिनक्स मराठीसकट काढलं, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत दिले. दोन्ही चांगली कामं. पण पडदा काळा झाल्यावर फोन कुणाला करायचा, याचं उत्तर अजून गावातला तो एक दुरुस्तीवाला हेच आहे.

परिणामांचं म्हणाल तर घन आता कुणी फिरवत नाही. कॉम्पिझची करामत पुढे डेस्कटॉपच्या पोटात गेली : २०११ च्या जीनोम ३ पासून आणि केडीईच्या केविनमध्ये कॉम्पोझिटर हा खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचाच भाग झाला. एक्सची जागा वेलँड घेतोय, तिथे कॉम्पोझिटरशिवाय पडदाच नाही, उबुंटू २५.१० च्या जीनोममधून एक्सवर चालणारं सत्र काढलं गेलं. म्हणजे पूर्वी ड्रायव्हर नसला तर परिणाम बंद करून साधा डेस्कटॉप वापरता येत होता. आता साध्या डेस्कटॉपलाही ग्राफिक्स चिप जागी लागते. जुन्या मशीनवाल्यांनी म्हणून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप धरून राहणं शहाणपणाचं. त्यात 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये कॉम्पोझिटिंगची एक खूण काढली की प्रोसेसरवरचा भार लगेच उतरतो. आणि ज्यांना जुनी चैन हवी त्यांच्यासाठी केडीईने मध्यंतरी काढून टाकलेला घन फेब्रुवारी २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये परत आणला आहे. साकोलीत दादांच्या तिसऱ्या मशीनवर तो चालू करून दाखवला. टेस्ट सोडवणारी दोन पोरं खुर्च्या सोडून आली, दादांनी लगेच बंद करायला लावला.

बाजारात पुढची लाट कुठली येणार तेही दिसतंय. १०५०, १०५० टीआय ही पास्कल पिढीची कार्डं ऑफिसांतून आणि गेम खेळणाऱ्यांच्या घरांतून आता मोडीत निघतील, आणि एनव्हिडियाने सांगून टाकलं आहे की त्यांच्यासाठी ५८० ही शेवटची मालिका. विंडोजवर ती आणखी काही वर्षं रग्गड काम देतील. लिनक्सवर त्यांचं ७१० होणार. नूव्होकडे या पिढीच्या वेगाची चावी नाही, त्यामुळे कदाचित ७१० पेक्षाही वाईट.

दादांचं ते ७१० मात्र वाया गेलं नाही. नूव्होवर महिनाभर चालवल्यावर त्यांनी शेवटी ते काढायलाच सांगितलं, इंटेलवर मशीन जास्त गार राहतं म्हणून. दुरुस्तीवाल्याने ते लाखनीच्या एका डीटीपीवाल्याला विकलं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं आणि दंडार. त्यांच्या फ्लेक्सच्या ऑर्डरी त्याच्याकडे दसऱ्यापासूनच लागलेल्या. त्याचं मशीन विंडोज १० वर आहे, कोरलड्रॉ आहे, कार्ड झकास चालतंय. १४ ऑक्टोबरचं काय, असं विचारल्यावर त्याने माऊसवरचा हातही उचलला नाही.

"मंडईचा सिझन निघू द्या जी, मंग पाहू."